बाथरूमच्या खिडकीला काय लावायचं? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०२: नमस्कार सगळ्यांना, एक विचारायचं होतं. आमच्या बाथरूमची खिडकी बरोब्बर समोरच्या विंगच्या पॅसेजसमोर येते आणि काच साधी आहे, आरपार दिसतं. सध्या आतून पेपर चिकटवलाय पण तो ओला होऊन सारखा लोंबतो आणि दिसायलाही बरं दिसत नाही. कोणी काही छान आणि टिकाऊ लावलंय का? पडदा, ब्लाइंड, काहीही चालेल

बी-१०४: अगं साधा पडदा शिवून घे ना मापाचा, काढून धुताही येतो

सी-२०३: काकू कापडाचं बाथरूममध्ये अवघड आहे, आमच्याकडे कॉटनचा होता, खालच्या शिवणीपाशी दोन कापडं एकावर एक येतात ना तिथेच काळे ठिपके आले, कितीही धुतलं तरी गेले नाहीत, आणि पावसाळ्यात तर तो कधी पूर्ण वाळायचाच नाही

डी-४०१: मिरर फिल्म लावा की, ऑफिसच्या काचांना असते तशी. बाहेरून आरसा, आतलं काही दिसत नाही

ए-५०१: दादा थांबा, बाथरूमला ती एकटी लावायला सांगू नका कोणाला प्लीज. ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूने ती आरसा होते. दिवसा बाहेर ऊन असतं म्हणून बाहेरच्याला आरसा दिसतो पण रात्री बाहेर अंधार आणि आपण आत लाइट लावून अंघोळ करतोय म्हणजे सगळं उलटं होतं, आपल्याला आरसा आणि समोरच्याला आपण. आणि आतल्या माणसाला काचेत स्वतःच दिसत असतो त्यामुळे बाहेर कोणी बघतंय हे कळतही नाही

डी-४०१: अरे बापरे हे माहीतच नव्हतं, धन्यवाद ताई

ए-३०२: ताई तुम्ही इंटिरियरचंच काम करता ना, मग तुम्हीच सांगा काय लावू

ए-५०१: आधी सांग तुमची खिडकी कसली आहे, सरकती की लूव्हर म्हणजे काचेच्या पट्ट्यांची? आणि गिझर गॅसचा आहे की इलेक्ट्रिक?

ए-३०२: खालचा भाग सरकता आहे, वर एक्झॉस्टची जागा आहे. गिझर गॅसचा, बाथरूममध्येच आहे. पण गिझरचा काय संबंध?

ए-५०१: सगळ्यात जास्त संबंध त्याचाच आहे. गॅस जळायला हवा लागते, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, माणसाला डोकं जड झालंय असं वाटेपर्यंत हातपाय गळालेले असतात आणि दार उघडायची ताकद राहत नाही. म्हणून कोणी काहीही लावा पण खिडकी पूर्ण बंद होईल असं लावू नका, वरचा भाग उघडा हवा आणि दाराखालून हवा आत यायला फट हवी. खरं तर गिझरच बाथरूमच्या बाहेर घ्या आणि त्याचा धूर पाइपने बाहेर सोडा, ते होईपर्यंत अंघोळीच्या आधी बादली भरून गिझर बंद करायचा. हे मी ज्या घरी जाते तिथे सांगते. आडोसा हवाच पण हवा अडवून नको

बी-१०४: हे फार चांगलं सांगितलंस. आमच्याकडे पण गॅसचाच आहे, आजच बोलते मुलाशी

ए-५०१: हो काकू, नक्की बोला. आता ए-३०२, तुझ्या सरकत्या काचांना फ्रॉस्टेड म्हणजे दुधी फिल्म बेस्ट, दिवसरात्र सारखी चालते आणि उजेड येतो. लावायची पण सोपी आहे, काच साबणाने स्वच्छ धुवायची, मग पाण्यात लिक्विड सोपचे दोनतीन थेंब घालून ते काचेवर भरपूर फवारायचं म्हणजे फिल्म ओल्या काचेवर सरकवून नीट बसवता येते, आणि वायपरने मधून कडांकडे पाणी काढत जायचं. कडेला २-३ मिलिमीटर जागा सोड, फ्रेमला घासली की तिथूनच ती सोलायला लागते. आणि काचेत तारेची जाळी असेल तर गडद फिल्म लावायच्या आधी काचवाल्याला विचार, उन्हात अशी काच असमान तापून तडकू शकते

सी-२०३: फिल्मपेक्षा फ्रॉस्टेड काचच बदलून घेतली तर? दिसायला जास्त भारी असते

ए-५०१: भारीच दिसते, पण त्या काचेची एक बाजू खरबरीत असते आणि ती ओली झाली की पाणी खळग्यांत भरतं आणि काच बऱ्यापैकी आरपार दिसायला लागते. म्हणून खरबरीत बाजू शॉवरच्या विरुद्ध बसवायची, हे बसवणाऱ्याला तोंडाने सांगावं लागतं. आणि फ्रॉस्टेडच्या अगदी जवळ उभं राहिलं तर आकृती दिसतेच, त्यामुळे शॉवर खिडकीला चिकटून असेल तर आत एक ब्लाइंड पण हवा

ए-३०२: ब्लाइंड कोणता मग? मला लाकडी फार आवडतात

ए-५०१: लाकडी नको गं, वाफेने पट्ट्या वाकतात आणि कडेला फुगतात, एमडीएफचे म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे शटर तर त्याहून लवकर. लाकडासारखे दिसणारे पीव्हीसीचे घे, लांबून फरक कळत नाही, नाहीतर अॅल्युमिनियमचे. पट्ट्यांचा फायदा हा की कोन बदलता येतो. समोरून बघणारा वरच्या मजल्यावर असेल तर पट्टीची बाहेरची कड खाली ठेव, खालून दिसत असेल तर बाहेरची कड वर, मग थोडी हवा चालू राहते आणि नजर पण अडते

डी-४०१: आमच्या टाइल्समध्ये ड्रिल करायची भीती वाटते, एक टाइल तडकली की सगळं आलं

ए-५०१: टाइलवर आधी मास्किंग टेप लावा म्हणजे बिट घसरत नाही, टाइलचाच बिट वापरा आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर मोड म्हणजे ठोके देणं बंद ठेवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या नाहीतर गंजाचे ओघळ टाइलवर येतात. अजिबात ड्रिल नको असेल तर चौकटीत टेन्शन रॉड म्हणजे आत स्प्रिंग असलेला दांडा दाबून बसवता येतो आणि त्यावर खालच्या अर्ध्या खिडकीपुरता पॉलिस्टरचा पडदा. काकू, तुमचा पडदा असा नक्की चालेल, पॉलिस्टर लवकर वाळतं आणि वरचा अर्धा भाग उघडाच राहतो

बी-१०४: मला तर हेच आवडलं 👍 फिकट हिरवा घेईन, पांढऱ्या टाइल्सवर छान उठून दिसेल

सी-२०३: आमच्याकडे लहान मूल आहे, ब्लाइंडच्या दोऱ्यांचं काय?

ए-५०१: बिनदोरीचाच घ्या ताई. लोंबती दोरी लहान मुलाच्या गळ्यात अडकते आणि क्षणात श्वास कोंडतो. आधीपासून दोरीचा असेल तर भिंतीवर दीड मीटरच्या वर हूक लावून दोरी रोज तिथेच गुंडाळायची आणि खिडकीखाली स्टूल बादली ठेवायची नाही, मुलं चढतात

ए-३०२: ताई फिल्म + पीव्हीसी ब्लाइंड ठरलं मग. माप कसं घेऊ?

ए-५०१: चौकटीच्या आत बसवणार असशील तर रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोज आणि सगळ्यात लहान असेल ती दे, टाइल्स लावलेली चौकट क्वचितच सरळ असते. काच सरकवताना ब्लाइंडला लागत नाही ना ते बघ आणि एक्झॉस्टच्या आड काही येऊ देऊ नकोस. अंघोळ झाल्यावर पट्ट्या उघड्या ठेवून एक्झॉस्ट वीसेक मिनिटं चालू ठेवत जा, नाहीतर पट्ट्यांवर बुरशी धरते. माप घेतलंस की फोटो टाक इथे, मी बघते

ए-३०२: हो ताई, उद्या सकाळी उजेडात घेते आणि टाकते 🙏