साइटवरची तंबाखू : बंदी टिकत नाही, मग सोडवायची कशी?

साइट_सुरक्षा (प्रश्न)

इमारतीच्या साइटवर गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, फिटर मिळून शंभरेक माणसं असतात, तिथे तंबाखू सोडवण्याचा कार्यक्रम आखायचा आहे. बहुतेकांची तंबाखू-चुना किंवा मावा, काहींची बिडी, बायकांत मिश्री. गेटवर पुड्या काढून घेतल्या तर दुपारपर्यंत त्या परत आत येतात. खिशात सापडल्या नाहीत तर सेंटरिंगच्या प्लेटांखाली किंवा पाण्याच्या टाकीमागे असतात. पोस्टरांनी काही होत नाही.

नेमकं हवंय ते असं : सुरुवात कुठून करायची, निकोटिनचं च्युइंगम द्यायचं तर कुणाला, किती आणि किती दिवस, आणि परांचीवर काम करणाऱ्याने एकदम सोडली तर तोल जाण्याचा धोका आहे का? तोंड तपासायला डॉक्टर रोज येणार नाहीत, तेव्हा आपल्याला काय बघता येईल तेही सांगा.

---

समुपदेशक

सोडायला सांगण्याआधी प्रत्येकाला विचारा की दिवसातला कुठला बार (तोंडात धरायची तंबाखूची चिमूट) कशासाठी लागतो. ‘किती खाता’ हा त्यानंतरचा प्रश्न. साइटवर तंबाखू बरीच कामं करत असते. त्या कामांची दुसरी सोय झाली नाही तर माणूस आठवड्यात परत फिरतो.

सकाळचा पहिला बार बहुधा पोट साफ व्हायला असतो. निकोटिनने आतड्याची हालचाल खरोखरच वाढते, त्यामुळे ‘तंबाखूशिवाय होत नाही’ हा बहाणा समजू नका. उठल्या उठल्या दोन ग्लास कोमट पाणी, जायची वेळ रोज तीच, आणि वस्तीत संडास पुरेसे. रांगेत अर्धा तास उभं राहावं लागलं तर तिथेच मळणं सुरू होतं. सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते, ते आधीच सांगून ठेवा. रात्री पाण्यातून इसबगोल घेतलं तर निभतं.

सकाळच्या मध्यावरचा बार भूक मारायला असतो. निकोटिनने भूक दबते आणि जेवण पुढे ढकलता येतं. तिथे खायला काहीतरी हवं, नुसता चहा नको. दुपारी तीननंतरचा झोप उडवायला. आणि एक बार असतो निव्वळ थांबण्यासाठी. तंबाखू मळत बसलेल्याला मुकादम हटकत नाही, रिकाम्या हाताने बसलेल्यावर ओरडतो. म्हणून तंबाखू न खाणाऱ्यालाही तेवढीच पाच मिनिटं मिळाली पाहिजेत, आणि हे मुकादमाला स्पष्ट सांगावं लागतं. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच आहे.

आता चुन्याचं. आम्लात निकोटिन तोंडाच्या त्वचेतून फारसं शिरत नाही, अल्कलीत झटकन शिरतं. चुन्याने तेच होतं, म्हणून चुन्याशिवायची तंबाखू ‘लागत नाही’. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. त्यामुळे दीड-दोन तासांनी हात आपोआप चंचीकडे जातो. मन कमकुवत आहे म्हणून जात नाही. कामगाराला हे एवढ्याच शब्दांत सांगा, लगेच पटतं, कारण त्याचं घड्याळ त्याला पाठ असतं.

क्रम असा ठेवा. पहिला आठवडा काही सोडायचं नाही, फक्त नोंद. लिहिता येत नसेल तर खिशात एक कागद, प्रत्येक बाराला एक रेघ, जेवणाच्या सुट्टीत कागद दुमडायचा म्हणजे सकाळ-दुपार वेगळी कळते. मग सोडायची तारीख. स्लॅबचा दिवस आणि पगाराचा दिवस टाळा. तलफेचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. शेवटचा बार सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे निदान पहिला दिवस सुट्टीत जातो. चिडचिड, लक्ष न लागणं, झोप मोडणं, भूक वाढणं हे दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्यायचं, चूळ भरायची, जागा बदलायची. एकटादुकटा काढण्यापेक्षा एका टोळीतले तीन-चार जण एकाच तारखेला घ्या. मळलेल्या तंबाखूचा हात पुढे करणारा शेजारीच असतो.

च्युइंगम : उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2 मिलिग्रॅम. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक, 7 ते 9 आठवड्यांत दोन-चार तासांनी, 10 ते 12 आठवड्यांत चार-आठ तासांनी, मग बंद. तलफ चढायची वाट बघू नका. ज्या वेळेला बार भरला जायचा त्याच्या दहा मिनिटं आधी च्युइंगमची गोळी तोंडात हवी.

फसतं ते चघळण्यात. साध्या च्युइंगमसारखं भराभरा चावलं की सगळं निकोटिन लाळेत उतरतं, पोटात जातं, आणि उचकी, जळजळ, मळमळ सुरू. माणूस ‘हे सोसत नाही’ म्हणून टाकून देतो. पद्धत ही : हळू आठ-दहा वेळा चावा, जिभेला चुणचुण किंवा तिखटपणा आला की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. चुणचुण ओसरली की पुन्हा चावा, आता दुसऱ्या गालात. अर्धा तास असं. त्याआधी 15 मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चहा, सरबत, थंड पेय नको. ती आम्ल असतात, आणि आम्लात काय होतं ते वर आलंच आहे. साइटवर गोळी हमखास चहाबरोबर घेतली जाते आणि फुकट जाते. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

---

मुखरोग_तज्ज्ञ

समुपदेशकांच्या उत्तरात एक भर घालते. मावा, खर्रा, गुटखा खाणारा तंबाखू सोडतो आणि ‘साधी सुपारी’ धरतो. हे सोडणं नाही. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीमुळे. तिच्यातल्या अरेकोलिनने गालाच्या आतल्या थरात तंतू वाढतात आणि गाल चामड्यासारखा कडक होतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरीही. एकदा आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही. सुपारी थांबवली तर वाढ रोखता येते, व्यायाम-उपचारांनी थोडं उघडतं.

तपासणी महिन्यातून एकदा, भर उजेडात किंवा टॉर्चने. आधी चूळ भरायला लावा, नाहीतर तंबाखूचा चोथा आणि कातच दिसतो. मग त्याला स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही गेली तर ठीक, दोनच गेली तर तोंड आखडायला लागलंय. खाताना तिखट झोंबतं का, हेही विचारा. बोटं अडायच्या कितीतरी आधी ही तक्रार सुरू होते.

नंतर बार जिथे धरला जातो ती जागा बघा. प्रत्येकाची ठरलेली असते, खालच्या ओठाच्या आत नाहीतर एका बाजूच्या गालफडात. ‘कुठे ठेवता?’ विचारा, माणूस बोट दाखवतो. तिथली त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली दिसते. पुसून जात नाही असा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, हाताला कडक लागणारी गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा दात, मानेत गाठ : यातलं एकही दिसलं तर दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला कर्करोग बहुधा दुखत नाही. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा आणि जिभेखालचा भागही बघायचा, तो नेहमी राहून जातो.

मिश्रीबद्दल. बायका ती व्यसन म्हणून मोजतच नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ला ‘नाही’ येतं, ‘दाताला काय लावता?’ विचारलं की कळतं. मिश्री म्हणजे भाजून केलेली तंबाखूच, आणि सकाळी एकदाची ती दिवसाला चार-पाच वेळा होते. बऱ्याच जणींची सुरुवात दातदुखीने झालेली असते. किडलेला दात तसाच ठेवून मिश्री सुटत नाही. आधी दाताचा इलाज, मग सोडायची तारीख.

---

साइट_सुरक्षा

आभार मॅडम, समुपदेशक सर. उंचीच्या कामाचं राहिलं. शिवाय ज्यांचं तोंडच आखडलंय त्यांनी च्युइंगम चावायचं कसं?

---

परांची

उंचीचं : पहिले तीन दिवस लक्ष विचलित होतं, झोप अपुरी असते, काहींना गरगरतं. तेवढे दिवस त्या माणसाला परांचीवर, क्रेनच्या इशाऱ्यावर किंवा कटरवर लावू नका, खाली सळ्या वाकवायला, पाणी मारायला, माल मोजायला द्या. हजेरी आणि रोजंदारी तीच राहिली पाहिजे. सोडल्यामुळे मजुरी बुडते असं एकाच्या बाबतीत झालं तरी बाकीचे तुमच्याकडे येणार नाहीत. उलट बाजूही लक्षात घ्या. तंबाखू चालू असलेला माणूसही उंचीवर सुरक्षित नसतो. मळायला दोन्ही हात लागतात, म्हणजे पकड सुटलेली. थाप मारून चुना उडवतात तो वाऱ्याने खालच्या माणसाच्या डोळ्यात जातो. चुना डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, लगेच स्वच्छ पाण्याने निदान 20 मिनिटं धुवायचा, पापणी उलटून कण काढायचे आणि मग दवाखाना. डोळा न धुता आधी डॉक्टर शोधण्यात वेळ घालवला तर बुबुळ जळतं.

हाताचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. सिमेंट कालवलेल्या, जुना रंग घासलेल्या हातावर तंबाखू मळली की ते सगळं तोंडात जातं. ओलं सिमेंट स्वतःच जहाल अल्कली आहे, जुन्या रंगात शिसं असू शकतं. सोडेपर्यंतच्या काळात किमान साबण आणि पाणी मजल्यावर ठेवा, तळमजल्यावर नव्हे. आठव्या मजल्यावरून हात धुवायला कुणी खाली येत नाही.

बिडीवाल्यांना वेगळं धरा. ग्राइंडिंग, चिपिंग, दगड कापणं या कामात सिलिकाची धूळ असते. तिने क्षयाचा धोका वाढतो आणि धुराने फुफ्फुसाची धूळ बाहेर टाकायची ताकद कमी होते. जुन्या इमारतीच्या पाडकामात ॲसबेस्टॉसचे पत्रे असतील तर धूम्रपान आणि ॲसबेस्टॉस मिळून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. अशा जागी पहिली तारीख बिडीवाल्यांना द्या. थिनर, वॉटरप्रूफिंगचा प्रायमर, शटरिंग ऑइल यांच्या साठ्याजवळ बिडी म्हणजे आग, तिथे मात्र बंदीच, चर्चा नाही.

कायद्याचा आधार शोधत असाल तर तो अर्धाच सापडेल. कोटपा 2003 म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्यातली सार्वजनिक ठिकाणची बंदी धूम्रपानापुरती आहे आणि मोकळी जागा त्यातून वगळलेली आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, साधी तंबाखू आणि चुना खुलेआम मिळतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी 24.4% धुराविरहित तंबाखू वापरणारे आणि 3.8% धूम्रपान करणारे होते. म्हणजे ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी आपल्या बहुतेक माणसांना लागूच होत नाही. नियम ठेकेदाराच्या करारात लिहा : मुकादमाने कामगाराला तंबाखू, पुडी, बिडी द्यायची नाही. जास्तीचं काम काढून घेताना ती बक्षीस म्हणून वाटली जाते, आणि नवी पोरं तिथेच शिकतात. मुकादम स्वतः खात असेल तर पहिला कागद आणि पहिली तारीख त्याची.

---

समुपदेशक

तोंड आखडलेल्यांना, कवळीवाल्यांना, दात हलणाऱ्यांना च्युइंगम नको, निकोटिनचा पॅच. ताकद डॉक्टर ठरवतील, साधारण 21 मिलिग्रॅमपासून 14, मग 7 असं उतरवतात. घामामुळे तो सुटतो हीच साइटवरची अडचण. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, तेल न लावता, केस नसलेल्या जागी लावायचा आणि तळव्याने दहा सेकंद दाबून धरायचा. सेफ्टी बेल्टचा पट्टा जिथून जातो ती खांद्याची, छातीची जागा टाळा, घासून निघतो. दंडाची बाहेरची बाजू बरी. रोज जागा बदला, नाहीतर पुरळ उठतं. बुप्रोपियॉन, व्हॅरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्या फक्त डॉक्टरांच्या देखरेखीत. फीट येणाऱ्याला बुप्रोपियॉन चालत नाही, तेव्हा पाठवताना हे चिठ्ठीवर लिहून द्या.

पुढच्या भेटी सोडल्यापासून तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी आणि मग महिन्याने. राष्ट्रीय क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) 1800-11-2356 हा नंबर निःशुल्क आहे, तो मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून द्या. मध्येच एक बार खाल्ला तर कार्यक्रमातून नाव काढू नका. कुठल्या वेळेचा होता, कुणी दिला, तेवढं विचारा आणि कागदावर त्या वेळेसमोर खूण करा. खूण बहुधा ओव्हरटाइमच्या रात्री किंवा गावाहून परतल्यावरच्या पहिल्या दिवशी सापडते. पुढच्या वेळी त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या खिशात च्युइंगमच्या दोन जास्तीच्या गोळ्या द्या.