एकत्रित फुल बॅकअपला वेगळा पूल हवाच का?

महापेकर
आमचा फाइल सर्व्हर महापेला, त्यावर साधारण ४ टीबी डेटा. बॅकअप सर्व्हर वागळे इस्टेटच्या शाखेत. मधे १०० एमबीपीएसची लाइन. खरा फुल (सगळ्या डेटाची पूर्ण प्रत) या लाइनवरून न्यायचा तर जवळपास चार दिवस लागतात (सेकंदाला ११-१२ एमबी धरून हिशोब करा). म्हणून बॅरिओस या बॅकअप सॉफ्टवेअरमधलं 'ऑलवेज इन्क्रिमेंटल' लावलं. पहिल्या फुलसाठी मशीनच गाडीत घालून वागळेला नेलं, गिगाबिटवर दहा-अकरा तासांत उरकलं. आता रोज फक्त इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेल्या फाइलींचा) येतो आणि जुने इन्क्रिमेंटल फुलमध्ये मिसळायचं काम कन्सॉलिडेट जॉब तिथल्या तिथे करतो. लाइनला हातही लागत नाही.

माझं मत: पूल, म्हणजे बॅकअप ज्यांत लिहिला जातो त्या व्हॉल्यूमचे (डिस्कवरच्या फाइली किंवा टेपा) गट, तीन हवेत. इन्क्रिमेंटलचा एक, एकत्रित फुलचा दुसरा, दीर्घकाळ ठेवायच्या प्रतींचा तिसरा. पहिल्याच्या 'नेक्स्ट पूल'मध्ये (मिसळलेला बॅकअप कुठे लिहायचा त्या सेटिंगमध्ये) दुसऱ्याचं नाव. आमचा सहकारी म्हणतो एकाच पुलात भागतं, उगाच पसारा कशाला. बोला.

घणसोलीचा
सहकाऱ्याच्या बाजूने. तुमचे तिन्ही पूल एकाच रेडवर (डिस्कच्या एकाच संचावर) असणार, खरं ना? मग वेगळेपण कागदावरचं. डिस्कचं वाचणारं आणि लिहिणारं डोकं तेच, ते इकडून तिकडे धावत बसणार. शिवाय नवा फुल पूर्ण लिहून होईपर्यंत जुना पुसता येत नाही, म्हणजे त्या रात्री ४ टीबीची जागा दोनदा लागते. पुलांना जागा वाटून दिलीत की एकीकडे रिकामी पडून राहते आणि दुसरीकडे जॉब नव्या व्हॉल्यूमसाठी थांबतो. हे मी भोगलंय.

महापेकर
रेड एकच आहे, कबूल. पण पूल म्हणजे नुसतं लेबल नाही हो. व्हॉल्यूम रिटेन्शन (तो किती दिवस राखायचा), व्हॉल्यूमचा कमाल आकार, रिसायकल (तो पुन्हा वापरणं), सगळं पुलावर ठरतं. रोजच्या १०-१५ जीबीला आणि ४ टीबीच्या गठ्ठ्याला एकच माप कसं लावणार?

कळव्याचा
रिटेन्शनचा विषय निघालाच आहे तर आमची फजिती सांगतो. इन्क्रिमेंटलच्या पुलाला १४ दिवस रिटेन्शन लावलं होतं, कारण नीटनेटकं वाटलं. सेल्सवाल्याचा लॅपटॉप गणपतीला कोकणात गेला तो तीन आठवड्यांनी परतला. तोवर ऑटोप्रूनने (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप काढणाऱ्या सेटिंगने) साखळी खाल्ली होती. आधीचा फुल कॅटलॉगमध्ये (बॅकअपच्या नोंदवहीत) नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरने स्वतःहूनच फुल सुरू केला, सोमवारी सकाळी, तोही लाइनवरून. या पद्धतीत जुने जॉब काढून टाकायचं काम कन्सॉलिडेटचं असतं. रिटेन्शन चांगलं वर्षभराचं ठेवा, क्लायंटचं ऑटोप्रून बंद करा.

आणि महापेकर, 'मॅक्स फुल एज' लावलंय का? नसेल तर प्रत्येक कन्सॉलिडेटला अख्खा ४ टीबी पुन्हा लिहिला जातो. ते जॉब रिटेन्शनपेक्षा (इन्क्रिमेंटल न मिसळता किती दिवस सुटा ठेवायचा त्यापेक्षा) जास्त दिवसांचं हवं. मग फुल तेवढा जुना होईपर्यंत फक्त इन्क्रिमेंटल आपसांत मिसळतात.

महापेकर
७ दिवस जॉब रिटेन्शन, २१ दिवस फुल एज. रोज लिहीत बसलो असतो तर डिस्क कधीच मेल्या असत्या.

टेपवाली, ठाणे
मला मुळातच पटत नाही. जुन्या बरणीतलं लोणचं नव्या बरणीत भरलं म्हणून ते ताजं होत नाही, बुरशी असेल तर तीही सोबत येते. एकत्रित फुल हा फुल नव्हे, जुन्या तुकड्यांची जोडणी आहे. मूळ डिस्क तिमाहीत एकदा तरी पहिल्यापासून वाचायलाच हवी. जोडसुट्टी बघा आणि लाइन चार दिवस द्या.

महापेकर
ताई, प्रत्येक ब्लॉकला चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) असतो. एकत्र करताना तो वाचला जातो, व्हॉल्यूम खराब असेल तर तिथेच कळतं.

टेपवाली, ठाणे
कळतं हो. पण कळल्यावर चांगली प्रत आणणार कुठून? आणि मूळ सर्व्हरवर एखादी फाइल तारीख न बदलता सडली तर तुमच्या इन्क्रिमेंटलला पत्ताच लागणार नाही.

हिशोबनीस, वाशी
तांत्रिक भांडणात पडत नाही, पण तिसऱ्या पुलाबद्दल एक. कंपनी असाल तर कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, तोही २०२२ च्या दुरुस्तीपासून रोज. एकत्रित पुलात जुना फुल नव्यात विरघळून जातो. मार्चअखेरची स्थिती दोन वर्षांनी मागितली तर काय दाखवणार?

महापेकर
म्हणूनच तिसरा. महिन्यातून एकदा व्हर्च्युअल फुल (आधीच्या बॅकअपांवरूनच जोडलेला फुल) तिकडे, आणि त्या जॉबचा प्रकार स्क्रिप्टने 'आर्काइव्ह' करून टाकतो, नाहीतर पुढचं कन्सॉलिडेट त्यालाच फुल समजून गिळेल. ताई, तो तुमच्यासारखा टेपवर घ्यायचं मनात आहे. एकाच ड्राइव्हवर जमेल का?

टेपवाली, ठाणे
माझ्याकडे एलटीओ-८ जातीच्या टेपा, एका टेपवर १२ टीबी, ड्राइव्ह एकच. डिस्कवरून टेपवर मजेत होतं. टेपवरून टेपवर करायला गेले होते एकदा. वाचायला ड्राइव्ह त्याच जॉबने धरलेला, लिहायलाही तोच हवा. सकाळी येऊन बघते तर जॉब तसाच ताटकळत.

घणसोलीचा
म्हणजे डिव्हाइस मोजायचे, पूल नाहीत. मी पहिल्या उत्तरात हेच म्हणत होतो.

महापेकर
रेड वेगळं करायला मंजुरी मागितलीय. पूल तीनच राहतील.