‘पडीक’ला दुसरा शब्द सुचवा (पवनचक्क्यांच्या ठरावासाठी)

तरोटा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला पठार आहे, तिथे पवनचक्क्या उभ्या करायचा एका कंपनीचा अर्ज ग्रामपंचायतीत आलाय. अर्जात त्या जागेला ‘पडीक व निरुपयोगी जमीन’ म्हटलंय. ग्रामसभेत विरोधाचा ठराव मांडायचाय आणि मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. मी लिहिलं, ‘सदर पडीक जमिनीवरील शांतता व निसर्गसौंदर्य अबाधित राहावे.’ सरपंचताई म्हणाल्या, हा सहलीचा निबंध झाला. ‘पडीक’ला आणि ‘शांतते’ला बरे शब्द सुचवा.

बरडावरचा:
आमच्याइकडे त्याले बरड म्हनतेत भाऊ. पडीत म्हंजे ज्या वावरात औंदा पेरलं नाही थे. तुमच्या पठारावर कोनी कवा नांगर धरला होता का? मंग थे पडीत कसं झालं?

सातबारा:
बरडावरच्यांनी मुद्द्यालाच हात घातला. पड, पडीत, पडीक हे सगळे शब्द नांगराच्या बाजूने बोलतात. जमीन कसत होतो, आता कसत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणून पीक पाहणीत ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ असे रकाने आहेत. सर्व्हे नंबरात खडक किंवा नाला आला की तो तुकडा ‘पोटखराब’. शेतसाऱ्याच्या हिशेबातून आलेली ही भाषा आहे. तिच्यात गवताला किंमत नाही. दिल्लीचंही तेच. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे छापतात, त्यात झाडोरा असलेला माळही पडीकच धरलाय. कंपनीने शब्द तिथूनच उचलला असणार.

आधी सातबारा काढा. तुमचं पठार बहुधा ‘ई-क्लास’ निघेल. अमरावती विभागात गायरानाला सरसकट हेच म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली चराईसाठी राखून ठेवलेली जमीन ती. जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, आणि त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने गायरानांबद्दल शासन निर्णय काढला. त्याचा आधार घ्या. ठरावात तुम्हीच ‘पडीक’ लिहिलंत तर कंपनीच्या वकिलाचं काम फुकटात करून द्याल.

आर्वीकर:
शब्दामुळे काय होतं ते आम्हाला विचारा. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ नावाची महसुली नोंद आहे, जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरातून आलेली. जमीन महसूल खात्याची, नाव जंगलाचं. डिसेंबर १९९६ मध्ये वनरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ‘जंगल’ हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्या. आणि जंगल म्हटलं की केंद्राच्या परवानगीशिवाय दुसरा वापर नाही. झालं, ८६ हजार हेक्टरांचं घोंगडं भिजत पडलं. घरं, शाळा, स्मशानं, सगळं त्यावरच. शेवटी २२ मे २०२५ ला निकाल आला की झुडपी जंगल हे वनच. वाशीमला ही नोंद नाही, त्यामुळे तरोटा, तुमच्या कामाचं नाही. पण कारकुनाने टाकलेला एक शब्द किती पिढ्यांना पुरतो ते बघा.

तणमोर:
‘गवताळ माळ’ लिहा, आणि तेवढ्यावर थांबू नका. गवतांची नावं घाला: पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी. (अर्जात पवन आहे, पवन्या नसणार!) पावसाळ्यात अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर हा पक्षी येतो. नर गवताच्या वर उडी घेतो, क्षणभर दिसतो, पुन्हा गवतात. तुमच्या भागातल्या फासेपारध्यांनी त्याच्यासाठी गवत राखलंय, चराई आवरून. त्यांना कुणी विचारलं का? माळढोक पूर्वी वरोरा-भद्रावतीकडे दिसायचा. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, तारांवर आपटून मरतो. पात्यांबरोबर तारा येतातच, हे ठरावात हवं.

कोळशाकाठी:
मी चंद्रपूरचा. २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या शेजारी राहतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. तुम्हाला वारा नको, आम्हाला कोळसा नको. मग पंखा कशावर फिरवायचा?

सातबारा:
रास्त बोललात. मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवडे, धुळ्यात ब्राह्मणवेल, आपल्याकडे चिखलदऱ्याजवळ मोथा, तिथे त्या आहेतच. भांडण जागेचं आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, म्हणजे पर्यावरण मंजुरीची जनसुनावणीही नाही. गावाला आपलं म्हणणं कागदावर आणायला ग्रामसभाच काय ती उरते. म्हणून तर शब्दांचा एवढा खल.

आता ‘शांतता’. सामसूम, शुकशुकाट, सुनसान नको; त्यांत माणूसच नाही असा अर्थ येतो आणि पुन्हा ‘निरुपयोगी’कडे गाडी जाते. ‘नीरव’ कवितेत ठीक. कागदावर आकडा लिहा. २००० च्या ध्वनी नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पवन प्रकल्पांच्या २०१६ च्या केंद्रीय सूचनांत वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितलंय. दोन्ही घाला.

तरोटा:
खूप उपयोग झाला. सातबारा काढला, ई-क्लासच आहे. शांततेबद्दल आमच्या ढोरकी काकाजींनी वेगळंच सांगितलं. पठारावर गवत कमरेएवढं झालं की ढोर दिसत नाही. गळ्यातल्या घंटीवरून ते कुठे आहे, चरतंय की पळतंय, हे ओळखावं लागतं. डोक्यावर पाती घुमत राहिली तर घंटी ऐकायची कशी? मी हे जसंच्या तसं ठरावात घालतोय, सरपंचताईंनाही पटलंय. नवा मसुदा असा:

‘सदर ई-वर्ग गायरान ही गावाच्या गुराढोरांच्या चराईची, गवत कापणीची व वर्षभर वापरात असलेली जमीन आहे. अर्जातील “पडीक व निरुपयोगी” ही नोंद ग्रामसभेस मान्य नाही. गुराखी घंटीच्या आवाजावरून गुरे राखतात. पात्यांच्या सततच्या आवाजाने या कामात अडथळा येईल.’ पुढे गवतांची नावं, तणमोर, तारा, डेसिबल आणि अंतर.

आर्वीकर:
‘अडथळा येईल’ नको, ‘हे काम करता येणार नाही’ लिहा. अडथळ्याला ते भरपाई देऊ करतील.

बरडावरचा:
बकऱ्याबी लिहा भाऊ. ढोरं कमी झाले आता, बरडावर बकऱ्याच जास्त जातेत. थ्या मोजल्या नाही तर उद्या म्हनतीन, चरतंच कोन इथं.