प्रति: ४०४ चं पान

साइटवर नसलेला पत्ता उघडला की दिसतं ते ४०४ चं पान. गमतीदार चित्र टाकलं की ते झालं, हे वरचं म्हणणं पटलं नाही. आलेल्याला हसायचं नसतं, हरवलेली वस्तू हवी असते. शोधायची चौकट आणि दोन-तीन नेमक्या लिंका, बस्स.

पण पानामागून सर्व्हर ब्राउझरला जो आकडा पाठवतो (पान नसेल तर ४०४), तो कुणी तपासतं का? सीताबर्डीतल्या एका मिठाईवाल्याच्या साइटवर मी झकास पान केलं होतं, "हे पान सापडलं नाही", खाली संत्रा बर्फीची लिंक. अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या एररडॉक्युमेंट ओळीत (चूक झाली तर कोणतं पान दाखवायचं, ते सांगणारी ओळ) मात्र एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता लिहून बसलो (कॉपी-पेस्टची कृपा). तसं केलं की सर्व्हर ४०४ न देता ३०२ ने, म्हणजे 'तात्पुरतं दुसरीकडे जा' सांगून, तिकडे पाठवतो आणि ते पान २०० सांगतं, म्हणजे 'सगळं ठीक'. मजकूर 'सापडलं नाही' आणि आकडा २००, याला गूगल सॉफ्ट ४०४ म्हणतं. डोमेन काढून नुसता तिरप्या रेघेपासूनचा पत्ता ठेवला, काम झालं.