कुत्री आभाळातून पडत नाहीत ('शंभरफुटी' यांना उत्तर)

कृष्णाकाठची :
काल 'शंभरफुटी' यांनी लिहिलं की सांगलीच्या विश्रामबागेतली सगळी भटकी कुत्री उचलून कुपवाडच्या माळावर सोडावीत आणि त्यांना खायला घालणाऱ्यांना दंड करावा. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग लागली. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आज सात कुत्री आहेत. बारा वर्षं तिथे राहतेय, एकेकाचं कूळ सांगते. तांबड्या कुत्रीची आई समोरच्या बंगल्याच्या बांधकामावर राखणीला आणलेली. सळ्या आणि सिमेंटच्या पोत्यांवर तिने दीड वर्ष पहारा दिला. वास्तुशांत झाली, गेट बसलं आणि ती गेटच्या बाहेर राहिली. आता या तांबडीच्या दोन पिल्लांचे कान लोंबते आहेत, कारण पलीकडच्या घरातला लॅब्राडोर रोज पहाटे पाचला 'येईल जरा फिरून' म्हणून मोकळा सोडतात. काळा कुत्रा आला तेव्हा त्याच्या मानेला वास मारत होता. केस बाजूला केले तर लाल नायलॉनचा पट्टा मांसात रुतलेला. पिल्लू असताना कुणीतरी हौसेने घातला, कुत्रं वाढलं, पट्टा तेवढाच राहिला. कापताना त्याला शिवलेलं घुंगरू माझ्या हातात आलं.

यांच्यापैकी एकही आभाळातून पडलेलं नाही. कुपवाडला सोडून काय होणार? तिथे माणसं राहत नाहीत? आणि इथली जागा रिकामी झाली की उकिरड्याच्या वासावर शेजारच्या भागातली येतात, नसबंदी न झालेली, लस न टोचलेली. म्हणून तर २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी करा, लस द्या आणि उचललं तिथेच परत सोडा असं आहे. दंडच करायचा तर पाळून सोडून देणाऱ्याला करा. १९६०च्या कायद्यात जनावर उपाशी मरेल असं सोडून देणाऱ्याला पहिल्या वेळी दंड आहे १० ते ५० रुपये. एवढ्यात पट्टासुद्धा येत नाही.

शंभरफुटी :
ताई, कूळ ऐकलं. आता माझ्या मुलाची पोटरी बघा. सात वर्षांचा आहे. शिकवणीहून येताना मागून धरलं. माझ्या आईने घाबरून हळद आणि चुना भरला, त्यावरून दवाखान्यात आम्ही बोलणी खाल्ली. जखमेत रेबीजविरोधी सिरमची सुई घालताना दोघांनी त्याचे हात धरले होते, एक मी होतो. मग पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई. आजही तो गाडीवरून उतरत नाही, मी आधी उतरून गल्ली बघायची आणि मग त्याला हाक मारायची.

आमच्या गेटसमोर एक काकू रोज रात्री साडेनऊला दूधभात ओततात. डांबरावर, ताटलीसुद्धा नाही. चावल्यावर त्यांना विचारलं, काकू, हे कुत्रं तुमचं का? म्हणाल्या, 'माझं कसलं, मुकं जनावर आहे.' खायला घालताना आपलं आणि चावलं की कुणाचंच नाही, हे मला पटत नाही आणि पटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ला दिल्लीतली कुत्री उचला म्हणून सांगितलं, ते काय उगीच?

कृष्णाकाठची :
मुलाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण २२ ऑगस्टला तोच आदेश बदलला, ते का गाळलंत? नसबंदी आणि लस करून परत सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, असं झालं.

शंभरफुटी :
आणि त्याच आदेशात रस्त्यावर वाटेल तिथे खायला घालायचं नाही, जागा ठरवून द्या, असंही आहे. ते तुम्ही गाळलंत. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकांतली कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडू नका असंही सांगितलं.

जनावरांचा डॉक्टर :
मिरजेत रोज ही जनावरं हाताळतो, म्हणून बोलतो. कुत्रीचे दिवस साधारण ६३, वर्षातून दोनदा माजावर येते. तुमच्या गल्लीचा हिशोब तुम्हीच करा. माझ्याकडे चांगली शिकलेली माणसं कुत्री घेऊन येतात आणि म्हणतात, 'डॉक्टर, एकदा तरी आई होऊ दे, मग ऑपरेशन करू.' याला कसलाही आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोका फार कमी होतो आणि गर्भाशयात पू होऊन मरणं टळतं. नराच्या बाबतीत तर मालकालाच लाज वाटते. तो लॅब्राडोर पहाटे सोडणारा मालक हाच.

आणि शंभरफुटी, तुमच्या आईंना दोष देत नाही, पण सगळ्यांनी लक्षात ठेवा. चावलं की हळद, चुना, तिखट काही नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. घरचं कुत्रं चावलं, मांजर चावलं, तरी हेच.

गावभागातला :
सगळं खरं हाय, पण मूळ कुणी बोलंना. रात्री चिकनच्या गाड्या बंद झाल्या की आतडी-पाय पिशवीत बांधून गटारीकडंला टाकत्यात. सकाळी घंटागाडी यायच्या आत कुत्र्यांनी सगळं रस्त्यावर वडलेलं असतंय. चार वर्सं मी त्या गाडीवाल्यासंगं भांडतोय. आदी ते बंद करा, मग कुत्र्याचं बोला.

हरिपूरची :
चिकनचं राहू द्या दादा. माणसं पाळीव जनावराला काय समजतात हे बघायचं असेल तर २०१९चा ऑगस्ट आठवा. आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही बोटीतून गावभागात दूध आणि पाणी वाटत होतो. एका घराच्या जिन्याला साखळीने बांधलेलं कुत्रं होतं. जितकं वर चढता आलं तितकं चढलं होतं, साखळी ताणून ताठ, पुढचे पाय वरच्या पायरीवर. पाणी त्याच्याही वर गेलं. घरच्यांनी टीव्ही माळ्यावर चढवला होता, तो खिडकीतून दिसत होता. त्या जिन्यावरून माझी नजर आजही हटत नाही.

खणभाग :
बाई, तुम्ही कुठल्या हक्काने बोलता? त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. आमच्या घरात तासाभरात छातीभर पाणी आलं. म्हातारी आई, बायको बाळंतीण. बोटवाला म्हणाला, माणसंच बसतील, पिशवीसुद्धा नको. त्या वेळी कुत्र्याचा हिशोब मागता? कोरड्या जागेवर बसून बोलणं सोपं असतं.

हरिपूरची :
हरिपूर कोरडं होतं असं वाटतं का तुम्हाला? कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव आहे ते. आमच्या सासऱ्यांनी पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागताच आधी विळ्याने म्हशींची दावी कापली, मग घरातली भांडी उचलली. तीन म्हशींतल्या दोन स्वतः पोहून अंकलीच्या बाजूला निघाल्या, एक गेली. बोटीत घ्या असं मी म्हटलंच नाही. साखळीचा हूक काढायला किती वेळ लागतो?

गावभागातला :
ह्ये मातर खरं. दावं कापायचं ह्ये आमच्यात बारक्या पोरास्नी बी ठावं असतंय.

शंभरफुटी :
धागा भटक्या कुत्र्यांचा होता. पुराचं काढून सगळ्यांना रडवून काय साधणार? माझ्या मुलाच्या पायावर उत्तर द्या.

कृष्णाकाठची :
पूर वेगळा नाही, शंभरफुटी. २०१९ला आणि पुन्हा २०२१ला पाणी उतरल्यावर जी कुत्री मोकळी हिंडत होती त्यांतली कितीतरी पट्ट्याची होती. मालक परत आले, घर धुतलं, कुत्रं शोधायला कुणी गेलं नाही. आज त्यांचीच पिल्लं आपण 'भटकी' म्हणून मोजतो.

खणभाग :
दुपारपासून लिहू का नको करत होतो.

आमच्या मोत्याचा हूक मी काढला नाही. विसरलो असं सहा वर्षं सगळ्यांना सांगतोय. विसरलो नव्हतो. मोकळा सोडला तर पोहत बोटीमागे येईल आणि बोट हलवेल अशी भीती वाटली. आईला घट्ट धरलं आणि मागे बघितलं नाही. तो भुंकत नव्हता, नुसता उभा होता. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा साखळीच होती.

हरिपूरच्या ताई, तुम्ही म्हणता ते जिन्यावरचं घर आमचं नाही, पण असतं तरी फरक नव्हता. तुमचं बोलणं मला आवडलं नाही. खोटं मात्र नाही.

हरिपूरची :
दादा, मी असं बोलायला नको होतं. बाळंतीण बोटीत असताना माझ्याही हातून काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

जनावरांचा डॉक्टर :
मोत्याची लस, कागद काही होतं का, हे विचारत नाही. यंदा पाणी वाढायला लागलं की ज्यांच्याकडे जनावर आहे त्यांनी इशाऱ्याची पातळी गाठायच्या आधीच ते वरच्या भागातल्या नातेवाइकांकडे न्यावं. बोट यायची वेळ आली म्हणजे उशीर झाला.

शंभरफुटी :
माझा प्रश्न अजून तिथेच आहे, पण ठीक. एवढं मान्य करतो की कुपवाडला सोडा म्हटलं ते रागात म्हटलं. तिथेही पोरं शिकवणीला जातात. खायला घालण्याचं मात्र सोडणार नाही. नियमातच आहे ना, लहान मुलांची जा-ये असते तिथे, इमारतीच्या दारात घालायचं नाही? मग काकूंनी माझ्या गेटसमोर घालायचं नाही. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीलगत घालावं, ठरल्या वेळी, आणि नंतर जागा झाडावी. हे त्यांना तुम्ही सांगा, माझं त्या ऐकत नाहीत. आणि लॅब्राडोरवाल्यांना कोण सांगणार तेही ठरवा.

कृष्णाकाठची :
काकूंशी उद्याच बोलते. लॅब्राडोरवाल्यांकडे डॉक्टरांनी यावं, माझ्याशी ते बोलत नाहीत. खरं म्हणजे खायला घालणाऱ्यांनी आधी लस आणि ऑपरेशनचं बघायला हवं, हे मी कालच मान्य करायला हवं होतं. मीही त्या तांबडीला तीन वर्षं नुसती पोळीच घातली.

शंभरफुटी :
तांबडीच चावली होती का, नक्की सांगता येत नाही. पण ती न्यायची असेल तर माझा छोटा हत्ती रिकामा असतो. सकाळी आठच्या आत सांगा, नंतर मार्केट यार्डात हळदीची पोती भरायची असतात. मुलाला यातलं काही कळू देऊ नका, तो घाबरेल.

जनावरांचा डॉक्टर :
गुरुवारी आणा. पिल्लं अंगावर पीत असतील तर आता नको, दूध सुटल्यावर. दूध सुटलेलं असेल तर आदल्या रात्रीपासून तिला कुणी काही खायला घालू नका, भूल द्यायची असते. काकूंना हे नीट सांगा, त्या साडेनऊला येतीलच.