मदत हवी आहे: शेजारच्या प्लॉटवरचं वाळलं गवत, खिडकीतला कूलर आणि नवा एसी

आम्ही नागपुरात बेसा रोडकडच्या एका लेआउटमध्ये राहतो. तळमजल्याचं घर आहे. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, दुपारी घरात दोघंच असतात. पश्चिमेला लागून रिकामा प्लॉट. पावसाळ्यात तिथं माणसाएवढं गवत वाढतं, होळीपर्यंत वाळून खडखडीत होतं आणि मग कुणीतरी तिथल्या कचऱ्याला काडी लावून निघून जातं. मागच्या उन्हाळ्यात जाळ आमच्या कंपाउंडपर्यंत आला होता. प्लॉटचे मालक बाहेरगावी, फोन उचलत नाहीत.

भिंतीचं मला फारसं भय नाही. त्याच बाजूच्या खिडकीला आमचा खसच्या ताट्यांचा कूलर आहे. पंखा बाहेरची हवा ओढतो, तशी ठिणगीही ओढणारच. मोटर चालू असेपर्यंत ताट्या ओल्या असतात, पण टाकीतलं पाणी संपलं की आपल्या पंचेचाळीस अंशांत त्या वाळायला कितीसा वेळ लागतो?

दुसरं म्हणजे, यंदा बाबांच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला आहे. वायरिंग जुनंच. एसी आणि कूलर एकदम लावले की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच) पडतो. मिस्त्री म्हणतो, "मोठ्या अँपिअरचा टाकून देतो, मग पडणार नाही." मन घेत नाहीये.

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आत काय करून घेऊ? "काळजी घ्या" एवढंच सांगणार असाल तर राहू द्या.

वायरमनकाका: ताई, आधी मिस्त्रीला थांबवा. एमसीबी असतो वायर वाचवायला. वायर तीच ठेवून मोठा एमसीबी टाकला तर वायर तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो. त्याला मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या: ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्डावर तर एसी अजिबात नको.

आणखी एक. सॉकेटमधला स्क्रू सैल असेल तर तिथं प्लास्टिक वितळेपर्यंत उष्णता होते, तरी एमसीबी पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. प्लग गरम लागतो का, पिवळा पडलाय का, जळका वास येतो का, हे आठवड्यातून एकदा आईंना पाहायला सांगा. पत्र्याचा कूलर असेल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही बसवा. तो करंटची गळती झाली की लाइन तोडतो, म्हणजे शॉकपासून वाचवायला आहे, आगीसाठी नाही; पण मिस्त्री आलाच आहे तर होऊन जाऊ द्या.

रामटेककर: मालकाची वाट पाहून राहाल तर पाऊस येऊन जाईल. दोन मजूर लावा न् भिंतीपासून दहा-बारा फुटांचा पट्टा मातीपर्यंत साफ करून टाका. कापलेलं गवत तिथंच ढीग करून ठेवू नका, नाहीतर जाळायला आयतं सरपण. जंगलात जाळरेषा काढतात ती हीच. आमच्याकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, वारा फिरला की त्याचाच वणवा होतो. आता काही जण झाडाखाली जुन्या साड्या अंथरतात. तसा वणवा दिसला तर वन विभागाचा नंबर १९२६.

आणि महापालिकेच्या झोन ऑफिसात फोटोसकट लेखी तक्रार द्या, पोच घ्या. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादानं (एनजीटी) २०१६ मध्येच पाच हजारांचा दंड ठरवलाय.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. मजूर उद्याच पाहते. पण गवत पेटलंच आणि घरी फक्त आई-बाबा असले तर? ताट्या बदलून हनीकोंब लावू का?

वायरमनकाका: हनीकोंब तर कागदाचाच, तोही वाळला की पेटतो. धूर दिसला की कूलरचा पंखा बंद, मोटर चालू, म्हणजे ठिणगी ओढली जाणार नाही आणि ताट्या भिजत राहतील. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. मग दोघांनी समोरच्या दारानं रस्त्यावर यायचं आणि तिथून १०१ लावायचा. बादल्या घेऊन विझवायला जायचं नाही, या वयात तर नाहीच. हे एकदा दोघांकडून करवून घ्या, कूलरची बटणं बाबांना अंधारातही सापडली पाहिजेत.

धागाकर्ती: घरात अग्निशामक सिलिंडर ठेवायचा तर कोणता?

रामटेककर: एबीसी पावडरचा (लाकूड-कागद, पेट्रोलसारखी द्रवं आणि गॅस, तिन्हींच्या आगीला चालणारा), आईला उचलता येईल एवढाच. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगा, शेगडीच्या वर नको. त्याच्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते अधूनमधून बघत जा.