मदत हवी आहे: चार डायपोल अँटेना एका बाजूला की चारी दिशांना?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात घराच्या गच्चीवर तीस फुटी पाइप उभा केलाय. हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स आहे, १४५ मेगाहर्ट्झवर काम. तरंगलांबी साधारण २.०७ मीटर, म्हणून प्रत्येक डायपोल (अर्ध्या तरंगलांबीचा साधा अँटेना) मीटरभराच्या आतबाहेर. असे चार एकाखाली एक लावतोय.

हेतू सरळ आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिलेत. पूर्वेला शिरोळ, इचलकरंजीशी बोलणं व्हायला हवं, आणि वायव्येला पन्हाळ्यावरच्या मित्राशीही.

चारही पूर्वेला तोंड करून लावले तर पाइपच मागून रिफ्लेक्टरचं (लहरी पुढे परतवण्याचं) काम करतो, पूर्वेला जोर वाढतो, पण पन्हाळा पाठीमागे पडतो. चारी दिशांना नव्वद-नव्वद अंशांवर फिरवले तर सगळीकडे सारखं, पण पूर्वेचा जोर गेला. दोन पूर्वेला, दोन वायव्येला असं कुणी केलंय का? मधल्या दिशांना खड्डे पडतात का, म्हणजे तिकडे सिग्नल कमजोर होतो का?

एक गंमत सांगतो. परवा सिग्नल इतका मेला की वायर कापायचीच बाकी होती. बघतो तर तिसरा डायपोल उलटा बसवलेला! फेज १८० अंशांनी उलटी, म्हणजे तो बाकीच्यांच्या विरुद्ध ओढत होता. आता प्रत्येकाच्या वरच्या टोकाला लाल टेप मारलीय.

चारही केबल्स एकाच लांबीच्या कापल्यात. दोन डायपोलमधलं अंतर मात्र ठरत नाही. १.८ मीटर ठेवू का? ज्यांनी स्वतः उभारलंय त्यांनी सांगा राव, रविवारी पाइपवर चढायचंय.